आपल्या बागेतली झाडे कुठून आली?



ही स्मरणिका मेळाव्याच्या सकाळी तुमच्या हाती पडेल आणि दुपारच्या सभेत आपल्या तुकडीने शाळेला काय द्यायचे ते ठरेल. ग्रंथालयाच्या कपाटांबद्दल दुमत नाही. बागेबद्दल मात्र आहे. जुनी झाडे काढून तिथे हिरवळ आणि शोभेचे पाम लावावेत, असे काही मित्रांचे म्हणणे आहे. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. तेव्हा हात वर करण्यापूर्वी त्या जुन्या झाडांचा इतिहास तुमच्यापुढे ठेवतो.

फाटकावरच्या बोगनवेलीपासून सुरुवात करू. ती मूळची ब्राझीलची. बोगनव्हिल हा फ्रेंच दर्यावर्दी १७६६ साली पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. त्याच्या ताफ्यात फिलिबेर कॉमर्सन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. १७६७ मध्ये रिओ द जानेरोजवळ त्याला ही वेल मिळाली आणि तिला कप्तानाचे नाव मिळाले. कॉमर्सनची प्रकृती बरी नसे, म्हणून डोंगर चढून नमुने गोळा करण्याचे बरेच काम त्याचा मदतनीस करी. हा मदतनीस म्हणजे पुरुषवेषातली झान बारे ही स्त्री होती. फ्रेंच आरमारी जहाजांवर तेव्हा बायकांना बंदी होती. पुढे ती फ्रान्सला परतली. पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केलेली पहिली ज्ञात स्त्री म्हणून आज तिची नोंद होते. आपल्या तुकडीतल्या मुलींना ही गोष्ट तेव्हाच कळायला हवी होती.

या वेलीचा स्वभावही लक्षात घ्यावा. आपण ज्यांना तिची फुले म्हणतो ती रंगीत पाने आहेत. खरे फूल म्हणजे त्यांच्या मधली बारीक पांढरी नळी. भरपूर पाणी आणि खत दिले की ती नुसती हिरवी वाढते. लख्ख ऊन आणि कोरडी, हलकी जमीन मिळाली की ती रंगाने भरून जाते. आपल्या फाटकापाशी नेमके हेच आहे.

देवळाच्या पारावरचा म्हणून आपण ज्याला देवचाफा म्हणतो, तो मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. सतराव्या शतकातील शार्ल प्लुमिए या फ्रेंच साधूच्या नावावरून त्याचे शास्त्रीय नाव प्लुमेरिया झाले. तिकडेही कोरडा ऋतू लांबलचक असतो. म्हणून तो पाने गाळतो, जाड फांद्यांत पाणी साठवतो आणि निष्पर्ण अवस्थेतही फुलतो. त्याला मारायचे असेल तर मुळाशी पाणी तुंबू द्यावे. फांदी लावायची असेल तर तोडल्यावर आधी काही दिवस सावलीत सुकवावी लागते, इतके त्याचे आणि ओलाव्याचे वाकडे.

पाण्याच्या टाकीमागची गुलबक्षीही अमेरिका खंडातलीच. ती दुपार कलल्यावर उमलते, म्हणून शाळा सुटताना आपल्याला दिसायची. उन्हाळ्यात वर काही उरत नाही, पण जमिनीत कंद असतो आणि पावसाबरोबर तो फुटतो. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कॉरेन्स याने १९०९ साली पांढरे-हिरवे डाग असलेल्या पानांच्या गुलबक्षीवर प्रयोग करून दाखवले, की हा गुण केवळ मातृवृक्षाकडून पुढच्या पिढीत जातो. आनुवंशशास्त्रात तो प्रयोग आजही शिकवला जातो.

मैदानाकडेचा गुलमोहर आणि कुंपणाची सदाफुली या दोघांचे माहेर मादागास्कर. सदाफुलीला निकस, निचऱ्याची जमीन चालते. भिंतीच्या भेगेतसुद्धा ती उगवते. मधुमेहावर उपाय शोधताना कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांना १९५० च्या दशकात तिच्यात व्हिनब्लास्टिन सापडले. पुढे याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन मिळाले आणि रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या असंख्य मुलांना त्याने जगवले.

इतक्या लांबून झाडे जिवंत कशी यायची? खारा वारा आणि गोड्या पाण्याची टंचाई यामुळे जहाजावर बहुतेक रोपे मरत. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी एका बंद बाटलीत पतंगाचा कोश ठेवला होता. त्यातल्या ओलसर मातीतून नेचे आणि गवत उगवलेले त्यांना दिसले. पानांतून निघालेली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत उतरत होती. त्यावरून त्यांनी काचेच्या बंद पेट्या केल्या आणि १८३३ मध्ये अशा पेट्यांतून रोपे सिडनीला सुखरूप पोहोचवली. त्यानंतर वनस्पतिउद्यानांमधली रोपांची देवाणघेवाण झपाट्याने वाढली. कलकत्त्याचे उद्यान १७८७ पासून होतेच; मुंबईची राणीची बाग १८६२ साली आणि पुण्याचे गणेशखिंड उद्यान १८७३ साली सुरू झाले.

या देवाणघेवाणीत फसगतही झाली. अमेरिकेतली घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून कलकत्त्याला आणली गेली. आज तिने देशभरची जंगले आणि गायराने व्यापली आहेत. नुसते रूप पाहून झाड निवडले की काय होते, त्याचा हा धडा.

आता आपल्या शाळेकडे पाहू. जमीन मुरमाड, पाऊस बेताचा आणि होळीनंतर विहीर तळ गाठते. आपल्या माळीकाकांनी ही बाग टाकीखाली सांडणाऱ्या पाण्यावर वाढवली. ते शाळा शिकलेले नव्हते, पण कोणत्या झाडाला काय मानवते हे त्यांना पक्के ठाऊक होते. हिरवळीला उन्हाळाभर पाणी लागते. ते विहिरीतूनच काढावे लागेल आणि त्याच विहिरीवर मुलांचे पिण्याचे पाणी आहे.

म्हणून माझी सूचना अशी: जुनी झाडे ठेवावीत, त्यांची छाटणी करावी आणि टाकीचे सांडपाणी चर खणून मुळांपर्यंत न्यावे. प्रत्येक झाडापाशी नाव, मूळ देश आणि त्याला काय मानवते हे लिहिलेली पाटी लावावी. पाट्यांचा खर्च मी आनंदाने करीन. भूगोल, इतिहास आणि जीवशास्त्र या तीन तासांचा वर्ग मुलांना त्या अंगणात भरवता येईल.

बाकी दुपारी सभेत बोलूच.