यवनांचा समुद्र

लहानपणी ऐतिहासिक कादंबऱ्यांत 'यवन' हा शब्द आला की डोळ्यांपुढे आदिलशाही फौजा उभ्या राहायच्या. मुळात हे एका समुद्रकिनाऱ्याच्या लोकांचं नाव आहे, हे कळायला बरीच वर्षं गेली.

तो किनारा म्हणजे आयोनिया. आजच्या तुर्कस्तानची पश्चिम कड, इझमीरच्या आसपासची. तिथल्या नि शेजारच्या बेटांवरच्या ग्रीकांची बारा नगरं होती. इराणी लोक त्यांना 'यौना' म्हणत, आपण 'यवन'. पुढे कुठलाही ग्रीक यवन झाला. कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवन दात्यांचे लेख आहेत.

या नगरांत मिलेटस सगळ्यांत नावाजलेलं. चार बंदरं असलेलं, थेलीसचं गाव. इ.स.पू. ४९९ मध्ये आयोनियाने इराणी सत्तेविरुद्ध बंड केलं. ४९४ मध्ये जवळच्या लादे बेटापाशी ग्रीक आरमार हरलं आणि मिलेटस पडलं. पुढे फ्रिनिकसने यावर नाटक केलं, तेव्हा अथेन्सचं अख्खं प्रेक्षागृह रडलं. आपल्याच माणसांचं दुःख आठवून दिलं म्हणून नाटककाराला हजार द्राख्मा दंड झाला! हेरोडोटसने हे लिहून ठेवलंय.

नगर पुन्हा उभं राहिलं. पण इराण्यांना जे कायमचं जमलं नाही ते नदीने केलं. मिआंडर ही नागमोडी नदी (इंग्रजीतला 'मिअँडर' हिच्यावरूनच आला) शतकानुशतके गाळ आणत राहिली. खाडी भरली, समुद्र कित्येक किलोमीटर मागे सरला. आज मिलेटसची बंदरं जमिनीत आहेत. जिथे आरमारं भिडली ते लादे बेट म्हणजे सपाट शेतातली एक टेकडी. खाडीचा उरलेला तुकडा म्हणजे बाफा सरोवर.

समुद्र गेला तरी माणसं होती. १९२२ मध्ये स्मिर्ना, म्हणजे आजचं इझमीर, जळलं. १९२३ च्या करारानुसार लोकसंख्येची अदलाबदल झाली आणि जवळजवळ तीन हजार वर्षांची ग्रीक वस्ती संपली. फाळणीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्याला यातलं वेगळं काय समजावून सांगायचं?

गंमत म्हणा किंवा दैव म्हणा, तुर्की भाषेत ग्रीसला आजही 'युनानिस्तान'च म्हणतात. नाव आयोनियाचं, दिलंय पलीकडच्या किनाऱ्याला.

आता एखाद्या युनानी दवाखान्याची पाटी दिसली की मी क्षणभर थांबतो. माणसं गेली, बंदरं बुजली, पण नाव अजून गावोगाव फिरतंय.