घडी की हँगर?

अमेरिकेत लाँड्रीत शर्ट टाकायला गेलात की काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो: बॉक्स की हँगर? म्हणजे घडी घालून देऊ की टांगून देऊ? बहुतेक जण सवयीने ‘हँगर’ म्हणतात आणि पुढे जातात. पण या दोन शब्दांच्या मागे दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात कापड आहे, घरं आहेत, संप आहे आणि एक कोर्टकचेरीही आहे. ती कोर्टकचेरी तर तुमच्या-माझ्यासारख्या परदेशात राहणाऱ्यांच्या थेट कामाची आहे.

आधी आपल्या घरातून सुरुवात करू. मराठीत नीटनेटकेपणाचं दुसरं नाव ‘घडी’ आहे. संसाराची घडी बसते, कधी विस्कटते. नवा कपडा पहिल्यांदा घातला की आपण त्याची घडी मोडतो. आणि एखादा अगदी कडक कपड्यांत आला की तो ‘परीटघडीत’ आला असं म्हणतो. का बरं? कारण धोतर, लुगडं, उपरणं, शेला ही सगळी न शिवलेली, सरळ काठांची वस्त्रं. त्यांना खांदे नाहीत, कॉलर नाही. ती घडीतच नीट राहतात. म्हणून घरात पेटी, ट्रंक आणि फडताळ. खुंटी होती, पण ती रोजच्या टोपी-सदऱ्यासाठी. आपला ‘कपाट’ हा शब्दसुद्धा मुळात दाराच्या फळीचा आहे. केदारनाथ मंदिर उघडलं की हिंदी बातम्यांत ‘कपाट खुले’ म्हणतात, ते त्याच अर्थाने. शिवलेल्या कपड्याबरोबर आलेले काही शब्द मात्र पोर्तुगीजांकडून आले असं मानतात: ‘इस्त्री’ आणि बटणाचं ‘काज’. पोर्तुगीजमध्ये ‘कासा’ म्हणजे घर. काज म्हणजे बटणाचं घर!

परीटघडी घालणारा परीट गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांपैकी एक. काम गावाचं, मोबदला धान्यात, आणि जातीच्या उतरंडीत जागा खालची. गाडगेबाबा याच समाजात 1876 साली जन्मले. कडक घडीमागे नेहमी कुणाचे तरी हात असतात, एवढं लक्षात ठेवा. पुढे ते कामाला येईल.

आता गंमत अशी, की पाश्चात्य शर्टही तेव्हा टांगला जात नव्हता. एकोणिसाव्या शतकात बराच काळ शर्ट हा आतला कपडा मानला जायचा. वर कोट आणि वेस्टकोट, दिसायची फक्त कॉलर आणि बाहीची कड. शर्ट डोक्यातून घालायचा असे, आणि घडी करून चादरींसारखा खणात ठेवला जाई. पण रोज मळणार काय, तर कॉलर. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावी हॅना लॉर्ड मॉंटेग्यू यांनी 1827 च्या सुमारास नवऱ्याच्या शर्टाची कॉलर कापून वेगळी केली, असं सांगतात. म्हणजे धुवायची फक्त कॉलर! यातून ट्रॉयमध्ये मोठा धंदा उभा राहिला आणि गावाला ‘कॉलर सिटी’ म्हणू लागले.

त्या कॉलरी धुणं, खळ देणं, इस्त्री करणं हे काम बायका करत. उकळतं पाणी, तापलेल्या इस्त्र्या, भाजलेले हात आणि तुटपुंजी मजुरी. फेब्रुवारी 1864 मध्ये आयर्लंडहून आलेल्या केट मुलानी या तरुणीच्या पुढाकाराने सुमारे 300 बायकांनी संप केला. आठवड्याच्या आत मालकांनी मजुरी वाढवून दिली. अमेरिकेतल्या बायकांच्या सुरुवातीच्या टिकाऊ कामगार संघटनांमध्ये या ‘कॉलर लाँड्री युनियन’चं नाव घेतलं जातं. 1869 च्या संपात मात्र मालक एकजुटीने उभे राहिले आणि संघटना मोडली.

तिकडे कॅलिफोर्नियात हेच काम चिनी स्थलांतरितांकडे आलं. 1880 मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराने नियम केला: लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर परवानगी हवी. कारण दिलं आगीचं. शहरात सुमारे 320 लाँड्र्या, त्यातल्या 310 लाकडी. दोनशेच्या आसपास चिनी मालकांनी अर्ज केले, सगळे फेटाळले. बाकीच्यांना एक अपवाद सोडून सर्वांना परवानगी. ‘यिक वो’ नावाची लाँड्री 22 वर्षं त्याच जागी चालू होती, आग-निरीक्षकांनीही ती ठीक ठरवली होती. तरी मालकाला दहा डॉलर दंड, आणि दंड भरला नाही म्हणून कोठडी.

1886 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. कायदा कागदावर सगळ्यांना सारखा दिसत असला, तरी तो एका समूहाविरुद्ध वापरला जात असेल तर तो घटनेच्या विरोधात आहे. आणि चौदावी दुरुस्ती फक्त नागरिकांना नाही, देशात असलेल्या प्रत्येक व्यक्तीला संरक्षण देते. 1882 च्या कायद्याने चिनी लोकांना नागरिकत्वाचा रस्ता बंद केला होता, हे ध्यानात घ्या. तुम्ही आज अमेरिकेत व्हिसावर शिकत असाल, नोकरी करत असाल, तर तुमच्या हक्कांच्या पायाशी असलेल्या दगडांपैकी एक शर्ट धुणाऱ्या माणसाने बसवलेला आहे.

मग हँगर कधी आला? त्यासाठी आधी शर्ट बदलावा लागला. 1871 मध्ये लंडनच्या ब्राउन, डेव्हिस अँड कंपनीने समोरून पूर्ण उघडणाऱ्या शर्टची नोंदणी केली. पहिल्या महायुद्धात सैनिकांना मऊ, जोडलेल्या कॉलरची सवय लागली आणि 1920 च्या दशकात वेगळी कॉलर मागे पडत गेली. तारेच्या हँगरची एक गोष्ट प्रसिद्ध आहे: 1903 मध्ये मिशिगनमधल्या एका तारेच्या कारखान्यात अल्बर्ट पार्कहाउस या कामगाराला कोट टांगायला खुंटी रिकामी मिळेना, म्हणून त्याने तार वाकवली. पेटंट कंपनीचं, कामगाराच्या हाती काही नाही, असं त्याचं कुटुंब सांगत आलं. विसाव्या शतकात घरातच दांडीचं क्लोजेट बांधलं जाऊ लागलं. 1950 च्या दशकात रूथ बेनेरिटो यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञांनी न चुरगळणाऱ्या सुतावर काम केलं. मग शर्ट ओला टांगला तरी चालू लागलं, आणि हँगरने इस्त्रीचं अर्धं काम उचललं.

हा इतिहास कळला की शर्ट कसा ठेवायचा ते वेगळं पाठ करावं लागत नाही. शिवलेल्या शर्टाला खांदा आहे, म्हणून हँगरचं टोक खांद्याच्या शिवणीपर्यंतच यावं. तारेचा अरुंद हँगर खांद्यावर शिंगं उमटवतो. लाकडी किंवा जाड हँगर बरा. वरचं आणि तिसरं बटण लावा, म्हणजे कॉलर आणि पुढची पट्टी सरळ राहते. दोन शर्टांत बोटभर जागा सोडा. लाँड्रीची प्लास्टिकची पिशवी काढून टाका, आत दमटपणा अडकतो. खळ दिलेला शर्ट महिनोन्‌महिने ठेवून देऊ नका, कसर लागते. आधी धुऊन मग ठेवा. टी-शर्ट, पोलो, स्वेटर मात्र विणलेले. त्यांचे टाके टांगल्यावर लोंबतात. त्यांना घडीच हवी. आणि आईने दिलेली पैठणी असेल तर तीही घडीतच ठेवा, पण अधूनमधून घडी बदला, नाहीतर जर तिथेच तुटते.

तेव्हा काउंटरवरच्या प्रश्नाचं उत्तर कपड्याला विचारून द्या. खांदा असेल तर हँगर, नसेल तर घडी. आणि काउंटरपलीकडे उभं असलेलं माणूस बऱ्याचदा तुमच्यासारखंच कुठून तरी दूरवरून आलेलं असतं. त्याचं नाव विचारा.