चिनी मातीचा दात आणि आंबट रस

दातांवर डाग पडू नयेत म्हणून माणसाने एके काळी चिनी मातीचा आश्रय केला. परंतु त्या मातीलाही आंबटाचे भय आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. म्हणून तिचा पूर्वेतिहास आम्ही वाचकांपुढे थोडक्यात ठेवीत आहोत.

अठराव्या शतकात युरोपातील धनिकांच्या कवळ्या हस्तिदंताच्या किंवा पाणघोड्याच्या दाताच्या असत. हा पदार्थ सच्छिद्र असल्याने तो पिवळा पडे व त्याला दुर्गंधी येई. फ्रान्समधील अलेक्सिस ड्युशातो या औषधविक्रेत्याची कवळी औषधांच्या संपर्काने अशीच डागाळली. आपली चिनी मातीची भांडी मात्र नित्य औषधे घोटूनही स्वच्छ राहतात, हे पाहून त्याने १७७४ च्या सुमारास तिचीच कवळी घडविण्याचा उद्योग आरंभिला. पण भट्टीत माती आकसे आणि माप चुके. पुढे पॅरिसचा दंतवैद्य निकोला द्युबुआ द शेमाँ याने ही कृती सुधारली व १७८९ साली सोळाव्या लुईकडून तिचे पेटंट मिळविले. १८०८ साली इटालियन दंतवैद्य फोंझी याने प्लॅटिनमच्या आकड्यांचे सुटे दात पुढे आणले. १८८९ साली अमेरिकेत चार्ल्स लँड याने दातावर बसणाऱ्या चिनी मातीच्या टोपीचे पेटंट घेतले.

या दातांची शोभा मुख्यतः त्यांच्या झिलईत असते, आणि झिलई म्हणजे वस्तुतः काचच. आम्लाचा संपर्क दीर्घकाळ घडला की काचेतील सोडियम व पोटॅशियमचे कण झिरपून बाहेर पडतात आणि त्यांची जागा हायड्रोजन घेतो. पृष्ठभाग खरबरीत होतो, तेज मंदावते. मग चहा, कॉफी व हळद यांचे डाग तेथे ठाण मांडतात. म्हणूनच दंत-चिनीमातीच्या कसोटीत तिला १६ तास ८० अंश सेल्सिअसच्या ४ टक्के अॅसेटिक आम्लात ठेवून किती द्रव्य विरघळते ते मोजतात. झिर्कोनियात काचेचा अंश जवळजवळ नसल्याने तो अधिक टिकतो. मात्र त्यावर चढविलेली झिलई काचेचीच असते.

तथापि चिनी मातीपेक्षा अधिक धोका तिच्या शेजारच्या नैसर्गिक दातास असतो, हे विसरू नये. सामु सुमारे ५.५ च्या खाली गेला की दाताचे कवच विरघळू लागते. लिंबाचा रस व कोला पेये तर याहून कितीतरी आम्ल असतात. त्यामुळे टोपीच्या कडेशी दात झिजून ती कड उघडी पडते.

तेव्हा चैत्रगौरीचे पन्हे किंवा कोकमाचे सार वर्ज्य करावे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ते घोट-घोट दिवसभर घेऊ नये, प्याल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, आणि निदान अर्धा तास दात घासू नयेत. दंतवैद्याने टोपी कोठे घासून बसविली असेल, तर तेथे पुन्हा झिलई किंवा चकाकी करवून घ्यावी. जेवणानंतर खळखळून चूळ भरण्याची आपल्याकडील जुनी रीत या नव्या दातांनाही तितकीच हितकारक आहे.