रायपूरची पांढरी

बदलीच्या नोकरीत माणूस ज्या गावी रुजू होतो, त्या गावच्या नगरपालिकेला नावे ठेवण्याचा अधिकार त्याला रुजू होण्याच्या दिवसापासूनच प्राप्त होतो, अशी आपल्या मंडळींची समजूत दिसते. नळाचे पाणी, तुंबलेले गटार आणि न लागणारा दिवा या तीन कलमांवर कोणत्याही सरकारी वसाहतीत एकमत असते. त्याच गावाचा इतिहास विचारला तर मात्र आपण किल्ला, देऊळ आणि स्वारी यांपलीकडे जात नाही. गटार कोणी बांधले, त्याचा पैसा कोणाच्या खिशातून आला आणि तो घेण्याचा हक्क कोणाला कसा मिळाला, हाही इतिहासच होय. रायपुरात तर तो मराठी माणसाने मुद्दाम वाचावा असा आहे. कारण त्याची आरंभीची पाने मराठी अंमलातली आहेत.

तात्यापारा या नावातच ती खूण आहे. 'तात्या' आपला, आणि 'पारा' छत्तीसगडीतला. पारा म्हणजे मोहल्ला. १७४१ मध्ये भास्करपंतांची फौज रतनपुरावर आली. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरात राहून कारभार केला आणि त्यांच्यामागे सुभेदारांचा अंमल सुरू झाला. १८१८ मध्ये सूत्रे इंग्रज अधीक्षकांच्या हाती गेली. अॅग्न्यू याच्या वेळी रतनपूर मागे पडून रायपूर हे मुख्य ठाणे झाले. १८३० मध्ये मुलूख भोसल्यांकडे परत गेला आणि १८५४ मध्ये नागपूरच्या राज्याबरोबर खालसा झाला. या उलथापालथीत फौजा आल्या आणि गेल्या. हिशेब लिहिण्याची गरज मात्र प्रत्येक धन्याला लागली. परमुलखात मराठी माणूस रुजला तो तलवारीपेक्षा लेखणीमुळे अधिक, असे माझे मत आहे.

भोसल्यांच्या अंमलात गावाचे दोन भाग मानीत. पिकाची जमीन ती काळी आणि घरांची जागा ती पांढरी. काळीत राबणारा सारा देई. पांढरीत राहून शेती न करणारे विणकर, सोनार, दुकानदार यांच्याकडून जो कर घेत, त्यालाही 'पांढरी' असेच म्हणत. दुसरे उत्पन्न जकातीचे. राज्य बुडाल्यावर इंग्रजांनी पांढरी बंद केली नाही. उलट १८६७ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि हा मराठी शब्द जसाच्या तसा कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तो कर चालू होता.

त्याच १८६७ साली रायपुरात नगरपालिका स्थापन झाली. मध्य प्रांतातील बहुतेक नगरपालिकांप्रमाणे तिचाही मुख्य आधार जकात हाच. म्हणजे राजा बदलला, कर तोच राहिला. नवीन एवढेच झाले की, वसूल केलेला पैसा कशावर खर्च झाला हे सभेपुढे ठेवून कागदावर आणणे भाग पडले. आरंभी ही सभा म्हणजे सरकारी अधिकाऱ्याच्या छायेखाली बसणारी चार प्रतिष्ठित मंडळी. १८ मे १८८२ च्या लॉर्ड रिपन यांच्या ठरावानंतरही लोकांचा हात कारभारात हळूहळूच शिरला. तथापि कागदावर आणावे लागणे म्हणजे काय, हे आपल्यासारख्या कचेरीत जन्म काढणाऱ्यांना कोणी सांगावयास नको. साहेबाने तोंडी दिलेला हुकूम आणि टिप्पणीवर सही करून दिलेला हुकूम यांत किती अंतर असते!

जकातीचे शास्त्र तर मोठे किचकट. नाक्यावर धान्य, तूप, कापड, जळाऊ लाकूड यांची मोजदाद करून जकात घ्यावयाची. पण जो माल शहरात न खपता पुढे जाईल, त्यावरची जकात परत द्यावयाची. कर शहरात खाल्ल्या-ल्यायल्या जाणाऱ्या वस्तूंवर असावा, वाटेने जाणाऱ्या व्यापारावर नसावा, हा त्यातला दंडक. आता आला तेवढाच माल गेला, की मध्ये काही खपला, हे ठरवावयाचे कोणी? नाक्यावरच्या कारकुनाने. त्याच्या प्रामाणिकपणावर शहरातले दिवे आणि झाडू चालत. १८८८ च्या सुमारास नागपूरकडून आगगाडी आली, तेव्हापासून त्या बिचाऱ्याचे काम किती वाढले असेल याची कल्पनाच करावी.

पाण्याची हकीकत अधिक सुखाची आहे. रायपूर हे तलावांचे गाव. बुढा तलाव, कंकाली तलाव ही नावे प्रत्येक रायपूरकराच्या तोंडी. १८९२ मध्ये खारून नदीचे पाणी नळाने शहरात आले. त्यासाठी पैसा दिला राजनांदगावचे राजे बलरामदास यांनी, म्हणून योजनेला नावही त्यांचेच पडले. १९०१ च्या शिरगणतीत शहराची वस्ती ३२,११४ होती. एवढ्या गावाला नळ मिळणे ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हे. पण दान एकदा होते, आणि पाणी रोज चढवावे लागते. राजाचे नाव राहिले. रोजचे पाणी, गळके नळ आणि थकलेली पट्टी ही सारी नगरपालिकेच्या पदरी आली. तिच्या नावाने मात्र कोणी फलक लावला नाही.

पुढे सभेत लोकांचे वजन वाढत गेले. १९२० मध्ये राजनांदगावच्या गिरणीतील मजुरांचा संप चालविणारे ठाकूर प्यारेलाल सिंह १९३७ मध्ये नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि पुढेही निवडून आले. संप चालविणाऱ्याने शहराच्या अंदाजपत्रकावर सही करावी, हा बदल १८६७ च्या मंडळींना स्वप्नातही सुचला नसता. याच शहरात वामन बळीराम लाखे यांनी सहकारी बँकेचा पाया घातला आणि रावसाहेब ही पदवी असहकाराच्या चळवळीत टाकून दिली. माधवराव सप्रे यांच्या १९०० साली निघालेल्या 'छत्तीसगढ मित्र' मासिकाचे प्रकाशकही तेच. ही माणसे रायपुरात पाहुण्यासारखी राहिली नाहीत, एवढेच मला येथे नोंदवावयाचे आहे.

आपण मात्र पाहुण्यासारखे राहतो, आणि त्याला कायद्याचाही थोडा हातभार आहे. राज्यघटनेच्या २८५ व्या अनुच्छेदान्वये केंद्र सरकारच्या मालमत्तेवर स्थानिक कर बसत नाही. नगरपालिका जी सेवा देते तिचा आकार परस्पर सरकारी खात्यातून ठरतो. क्वार्टरात राहणाऱ्याच्या हाती घरपट्टीचे बिल पडत नाही आणि म्हणून सभेत काय चालले आहे याची त्याला पर्वाही नसते. एके काळी जकातीच्या रूपाने तोही नकळत कर भरीत असे. १९६७ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि १९७६ मध्ये मध्य प्रदेशात जकात उठली. नाक्यावरची खोळंबून राहणारी बैलगाडी आणि मालमोटार सुटली, हे चांगलेच झाले. परंतु शहराच्या तिजोरीत रोज सायंकाळी पडणारा स्वतःचा पैसाही गेला. त्याच्या मोबदल्यात जे मिळावयाचे ते राज्य शासनाकडून, आणि मागून घ्यावयाचे.

याचा परिणाम तात्यापाऱ्याच्या चौकात उभे राहिले की दिसतो. नागपूरहून येणारा जुना हमरस्ता, ज्याला जी. ई. रोड म्हणतात, आमापारा ओलांडून येथे येतो आणि शारदा चौकाकडे जाताना एकदम आवळतो. अंतर अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. हा तुकडा रुंद करण्याचा विषय महानगरपालिकेच्या सभेत वर्षानुवर्षे येत राहिला आणि अडत राहिला. भोसल्यांच्या सुभेदाराने तो एका हुकुमाने रुंद केला असता. सभेला मात्र आधी रस्त्याची रेषा आखावी लागते, हरकती ऐकाव्या लागतात, ज्याची भिंत जाईल त्याला मोबदला द्यावा लागतो आणि त्यासाठी राजधानीकडे हात पसरावा लागतो. या दिरंगाईने रोज हजारो लोकांचा खोळंबा होतो, हे खरे. पण भिंत ज्याची आहे त्याला विचारल्यावाचून ती पाडता येत नाही, हेही त्याच दिरंगाईचे दुसरे नाव आहे.

याच्या उलट राजबंधा मैदान पाहावे. तेथे पूर्वी तलाव होता. तलावाला घरमालक नसतो, मोबदला मागणारा वारस नसतो. त्याची हरकत कोणत्याही नस्तीत दाखल होत नाही. दुकानदाराची हातभर भिंत सभेला वर्षानुवर्षे थांबवू शकते आणि अख्खा तलाव मात्र नकाशावरून निमूटपणे निघून जातो. सभेच्या कामकाजातला मला सर्वांत बोचणारा दोष हाच वाटतो. ज्याचे नाव वहीत आहे त्याचेच ती ऐकते. पावसाळ्यात शहराच्या सखल भागात पाणी साचते तेव्हा आपण पुन्हा गटारालाच नावे ठेवतो.

सव्वाशे वर्षांपूर्वीची ती बत्तीस हजारांची वस्ती आता दहा लाखांवर गेली आहे आणि सभेत सत्तर वॉर्डांचे सभासद बसतात. त्यांत ब्राह्मणपारा वॉर्ड आहे, वामनराव लाखे यांच्या नावाचा एक आहे, आणि तात्यापारा वॉर्डही आहे. तेथील मालमत्ता कराच्या पावतीवर 'पांढरी' हा शब्द आता नसतो; कर मात्र आजही काळीवर नव्हे, घरावरच बसतो.