अपहार आणि न्यासभंग : एका विधिसंज्ञेचा मराठी प्रवास

दुसऱ्याची वस्तू त्याच्या संमतीवाचून उचलणे म्हणजे चोरी, हे सांगताना कोणत्याही भाषेला सायास पडत नाहीत. अडचण येते ती वस्तू रीतसर हाती आलेली असते आणि नंतर तिच्याविषयीची बुद्धी पालटते तेव्हा. घडणावळीसाठी सोनाराकडे दिलेले सोने, कारकुनाने जमा केलेली वसुली, शेजाऱ्याने गावी जाताना सोपविलेली पेटी, या सर्वांत घेणे निर्दोष असते. दोष असतो तो पुढच्या वर्तनात. या दोषाला मराठीने अफरातफर, अपहार, विश्वासघात, न्यासभंग अशी नावे दिली. ती परस्परांचे पर्याय मानली जातात, परंतु प्रत्येक नाव अपराधाचे निराळे अंग पुढे करते.

धर्मशास्त्राला हा भेद अपरिचित नव्हता. मनूने गणलेल्या अठरा व्यवहारपदांत निक्षेप हे एक स्वतंत्र पद आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणात, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याणात, लिहिली. घरधन्याच्या समक्ष सोपविलेला तो निक्षेप आणि त्याच्या परोक्ष घरच्या माणसांहाती ठेवलेला तो न्यास, असा सूक्ष्म विवेक तीत आढळतो. ठेव राजाने नेली, दैवाने नष्ट झाली वा चोरांनी पळविली तर ठेवून घेणारा दोषी नाही; मात्र स्वेच्छेने तिच्यावर उपजीविका करणारा दंडास पात्र ठरतो आणि ती वृद्धीसह परत करण्यास बांधला जातो. परकी वस्तू आपलीशी करून वापरणे हे अपराधाचे मर्म येथे स्पष्टपणे हेरलेले आहे.

मध्ययुगीन राजवटींत कारभाराची भाषा फार्सी झाली आणि संज्ञाही पालटल्या. 'अमानत' मराठीत वर्णविपर्यासाने 'अनामत' झाली. अतिरेक आणि न्यूनता सांगणाऱ्या अरबी शब्दजोडीपासून अफरातफर हा शब्द आला. हिंदीत त्याच शब्दजोडीने गोंधळ आणि धावपळ हा अर्थ घेतला. मराठीत मात्र ती हिशेबाच्या वहीत शिरली आणि पैशाच्या लबाडीची वाचक ठरली. कारकुनी राज्यव्यवहाराची ही खूण होय.

या पारिभाषिक स्थित्यंतरात बंगळूरचे स्थान दुर्लक्षिता येत नाही. 1638 मध्ये विजापूरकरांनी ते जिंकल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. तेथील दरबाराची बहुभाषिकता जयराम पिंड्ये याच्या 'राधामाधवविलासचंपू'त दिसते. शहाजीराजांच्या कर्नाटकातील कारभारात वावरलेल्या हणमंते घराण्यातील रघुनाथपंतांच्या नावावर पुढे शिवाजीमहाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेला 'राज्यव्यवहारकोश' आहे. दहा वर्गांत विभागलेल्या या कोशाने यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरीही अनामत आणि अफरातफर लोकव्यवहारातून गेले नाहीत. कोश शब्द सुचवू शकतो. तो रुळतो की नाही, हे कचेरी आणि बाजारपेठ ठरवितात.

इंग्रजी अमदानीत प्रश्न अधिक बिकट झाला. मेकॉलेच्या आयोगाने 1837 मध्ये मसुदा केलेली दंडसंहिता 1860 मध्ये संमत होऊन 1862 पासून अंमलात आली. तिच्या 403 व्या कलमातील एक उदाहरण ग्रंथालयाचेच आहे. स्नेह्याच्या संग्रहातून, त्याची संमती गृहीत धरून, वाचण्यासाठी नेलेले पुस्तक ही चोरी नव्हे. परंतु तेच पुढे विकून पैसे खिशात घातले तर अपराध घडतो. या कृतीला हिंदी विधिभाषेने 'दुर्विनियोग' आणि 'संपरिवर्तन' हे शब्द योजले. मराठीने 'अपहार' पत्करला. तो सुटसुटीत आहे, कानाला ओळखीचा आहे. पण त्यातील 'हृ' धातू हरण करणे, नेणे सुचवितो. पुस्तक नेणे निर्दोष आणि विकणे सदोष, हा कलमाचा गाभाच त्यामुळे झाकला जातो. 'दुर्विनियोग' बोजड खरा, पण दोष विनियोगात आहे हे तो विसरू देत नाही.

'फौजदारीपात्र न्यासभंग' या संज्ञेची अडचण उलट दिशेची आहे. न्यास म्हटले की आज देवस्थानचे विश्वस्त आणि घटनापत्रे डोळ्यांपुढे येतात. 1956 साली मुंबई राज्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका खटल्यात, विशिष्ट हेतूने बँकेकडे सोपविलेल्या रोख्यांच्या संदर्भात, न्यायालयाने स्पष्ट केले की या कलमासाठी न्यासविषयक कायद्यातील तांत्रिक न्यास आवश्यक नाही. विश्वासाने सोपविणे पुरेसे आहे. म्हणजे शब्दाने अरुंद केलेली वाट न्यायालयाच्या अर्थनिर्णयाने रुंद होते.

सर्वांत मोठी गफलत मात्र 'ठेव' या साध्या मराठी शब्दात आहे. पेटीत बांधून दिलेले दागिने आणि खात्यात भरलेले पैसे या दोहोंना आपण ठेवच म्हणतो. इंग्लंडात 1848 मध्ये उमरावांच्या सभागृहाने दिलेल्या निर्णयापासून बँकेत भरलेला पैसा बँकेचा होतो आणि बँक खातेदाराची ऋणको ठरते, हे तत्त्व मान्य आहे. पतसंस्था बुडते तेव्हा 'माझी ठेव खाल्ली' म्हणणारा सामान्य खातेदार निक्षेपाची भाषा बोलतो. कायदा त्याला ऋणादानाच्या पदात बसवितो. संचालकांवर न्यासभंगाचा खटला उभा राहतो तो त्यांच्याकडे सोपविलेल्या संस्थेच्या मालमत्तेबद्दल, हे त्याला समजावून सांगावे लागते.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. 403 चे स्थान 314 ने घेतले आणि अपहाराची कमाल शिक्षा दोन वर्षेच राहिली, पण किमान सहा महिन्यांचे बंधन आले. शिक्षा अशी वाढत असताना आरोपपत्रातील शब्द अपराधाचे नेमके अंग दाखवितो की नाही, याला अधिक महत्त्व येते. विज्ञानेश्वराने 'समक्ष' आणि 'परोक्ष' यांसाठी दोन शब्द वेगळे राखले होते. अनुवादकांपुढील काम त्याच जातीचे आहे : घेणे, ठेवणे आणि आपलेसे करणे या तीन कृती मराठी वाचकाला तीन म्हणूनच दिसाव्यात.