चौकट आणि गिलावा यांचा सांधा : कुर्ला परिसरातील गृहबांधणीचा एक दुर्लक्षित पैलू

घराच्या इतिहासात जोते, भिंत आणि छप्पर यांची चर्चा होते. चौकट आणि भिंत जेथे एकमेकींना भेटतात त्या दोन बोटे रुंदीच्या पट्ट्याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः भिंतीचे आयुष्य चौकटीपेक्षा मोठे असते. विटांची भिंत शंभर वर्षे उभी राहू शकते. कोकणपट्टीच्या पावसात खिडकीची लाकडी चौकट त्याच्या निम्मा काळही तग धरेल याची खात्री नसते. भिंत उभी असतानाच चौकट एकदा तरी बदलावी लागणार, हे बांधणाऱ्यास ठाऊक असते. ते ध्यानात घेऊन गिलावा केला गेला की नाही, यावर पुढील पिढीचा खर्च ठरतो. कुर्ला परिसरातील गृहबांधणीचे टप्पे या दृष्टीने तपासून पाहण्याजोगे आहेत.

कुर्ल्याला लागून असलेल्या चुनाभट्टीचे नाव जुन्या बांधकामसाहित्याची साक्ष देते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग कुर्ल्यावरून गेला. येथील धरमसी मिल १८८६ मध्ये जमशेदजी टाटा यांनी विकत घेऊन तिला ‘स्वदेशी’ हे नाव दिले. गिरणी व रेल्वे यांच्या आधाराने वस्ती वाढली तो काळ चुन्याचा होता. पोर्टलंड सिमेंटचे एकस्व इंग्लंडमध्ये १८२४ सालीच घेतले गेले असले, तरी पोरबंदरच्या कारखान्यातून देशी सिमेंट बाहेर पडू लागले ते १९१४ पासून.

चुन्याच्या बांधणीत चौकट सुटी होती, असे समजण्याचे कारण नाही. चौकटीच्या आडव्या लाकडांची टोके, ज्यांना सुतार शिंगे म्हणतात, ती भिंतीतच दाबलेली असत. फरक होता तो चुन्याच्या स्वभावात. चुना विटेपेक्षा मऊ राहतो. त्यामुळे गवंड्याला छिन्नीने सांधा मोकळा करून वीट अखंड काढता येई, आणि काम झाल्यावर तीच वीट पुन्हा बसविता येई. शिवाय चौकट सहसा पूर्ण बदलली जात नसे. दाराच्या चौकटीचा पाय उंबरठ्याजवळ कुजतो. तेवढाच भाग कापून सागवानाचा नवा तुकडा सांधला की काम भागे. चुन्याचे ठिगळ मूळ गिलाव्यात मिसळून जाई. जुन्या कारागिरांनी भविष्याचा विचार करून ही रीत योजली होती असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. साहित्यानेच ती सोय दिली होती.

सिमेंटने ही सोय काढून घेतली. चौकट उभी करावयाची, तिच्या मागील बाजूस डांबर फासावयाचे, लोखंडी होल्डफास्ट काँक्रीटमध्ये पक्के करावयाचे आणि मग चौकटीच्या कडेवर चढेपर्यंत गिलावा ओढावयाचा, हा क्रम रूढ झाला. दिसावयास काम सफाईदार दिसते. पण लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. सिमेंटला तशी हालचाल जमत नाही. कडेला केसासारखी भेग पडते, तीतून पाणी शिरते आणि लाकूड दृष्टीआड कुजू लागते. चौकट काढण्याची वेळ आली की गिलाव्याचे पोपडे विटेचा पृष्ठभाग घेऊनच निघतात. मग एका खिडकीसाठी सुताराबरोबर गवंडी, रंगारी आणि कधी फरशीवालाही बोलवावा लागतो.

याविषयीची जाण शास्त्राला नव्हती असे नाही. धातूच्या दारे-खिडक्या बसविण्यासंबंधीच्या १९६० च्या भारतीय मानकात (आयएस १०८१) चौकट भिंतीबरोबर बांधून न घेता, आधी मोकळी जागा ठेवून तीत नंतर बसवावी, असे तत्त्व आहे. चौकट व गिलावा यांच्यामध्ये बारीक खाच सोडण्याची पद्धतही गवंड्यांना परिचित आहे. खाच सोडली की भेग ठरलेल्या जागीच राहते आणि गिलावा न फोडता कडेने करवत घालता येते. तिला अर्धा दिवस अधिक लागतो, आणि ठेक्याच्या कामात तेवढाच अडसर पुरेसा ठरतो!

खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न येथे येतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि घरमालकास दुरुस्तीत स्वारस्य उरले नाही. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ च्या कायद्याने मंडळ व उपकर यांची व्यवस्था झाली, पण ती मुंबई शहर बेटापुरती. कुर्ला १९५० मध्येच महापालिकेच्या हद्दीत आले असूनही या व्यवस्थेबाहेर राहिले. परिणामी कुजलेली चौकट ही बहुधा भाडेकरूची स्वतःची अडचण ठरली. चौकट न बदलता तिच्यावर पत्रा ठोकणे किंवा भेगेत दरसाल सिमेंट भरणे, हे उपाय अज्ञानाचे नव्हेत, ऐपतीचे होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मिठीकाठच्या कुर्ल्यातील तळमजल्यांत पाणी शिरले. अशा पुरात सर्वांत आधी भिजतो तो चौकटीचा पायच, आणि तो सिमेंटमध्ये गाडलेला असल्यास वाळण्यास वाव मिळत नाही.

सिमेंटवरील नियंत्रण १९८२ मध्ये अंशतः व १९८९ मध्ये पूर्णपणे उठले. त्यानंतरच्या सदनिकांत खिडकीच्या चारही बाजूंना ग्रॅनाइट किंवा संगमरवराच्या पट्ट्या बसवून त्यांवर ॲल्युमिनियमची सरकती खिडकी स्क्रूने जोडण्याची पद्धत रूढ झाली. तिची भलामण सहसा शोभा व टिकाऊपणा या शब्दांत होते. तिचा खरा गुण वेगळा आहे. गिलावा दगडापाशी थांबतो आणि खिडकी दगडाला लागते. दोघांची गाठच पडत नाही. स्क्रू काढले, कडेचे सिलिकोन कापले, की खिडकी हाती येते. चुन्याच्या काळी जी मोकळीक साहित्याच्या मऊपणामुळे मिळत होती, ती येथे कठीण दगडाने मिळवून दिली आहे. दारांच्या बाबतीत मात्र अनेक इमारतींत अजूनही लाकडी चौकट आधी उभी राहते आणि गिलावा तिच्या अंगावर चढतो.