ढोल्यावांचून बांधलेलीं विटांचीं छतें

वास्तुविद्येच्या इतिहासाचीं साधनें म्हणजे ग्रंथ, शिलालेख आणि अवशेष, असें आपण सामान्यतः धरून चालतों. यांत चवथें एक साधन घातलें पाहिजे. तें म्हणजे कारागिरांची चालू रीत. मिसर देशांतील कमानदार छतांचा वृत्तांत या दृष्टीनें मनन करण्याजोगा आहे.

(१) अवशेष : लक्सरसमोर नाईल नदीच्या पश्चिम तीरावर दुसऱ्या रामेसिस राजाचें रामेसेउम नांवाचें मंदिर आहे. त्याच्या आवारांतील कोठारें इसवी सनापूर्वीं तेराव्या शतकांतील असून त्यांचीं छतें उन्हांत वाळविलेल्या विटांचीं आहेत. त्यांतील कांहीं अद्यापि उभीं आहेत. कमान जुळेपर्यंत विटांस खालून जो लाकडी आधार द्यावा लागतो त्यास ढोला म्हणतात. मिसरांत इमारती लाकूड दुर्मिळ. मग हीं छतें बांधलीं कशीं? छतांतील विटांचे थर सरळ उभे नसून मागील भिंतीकडे कललेले आहेत, ही खूण स्पष्ट दिसते. परंतु खूण दिसणें निराळें आणि कृति साधणें निराळें.

(२) शोध : हसन फत्ही (१९००–१९८९) हे मिसरचे प्रसिद्ध वास्तुविशारद. दुसऱ्या महायुद्धांत लाकूड व पोलाद मिळेनासें झालें, तेव्हां त्यांनीं कच्च्या विटांचीं छतें आधारावांचून बांधून पाहिलीं, तीं कोसळलीं. नूबियाचे लोक अशीं छतें बांधतात असें बंधूंकडून कळल्यावरून ते १९४१ सालीं आस्वानकडे गेले. तेथील गांवांत तींच छतें त्यांस दिसलीं, आणि तीं बांधणारे गवंडीही भेटले.

(३) रीत : प्रथम खोलीची मागील भिंत उंच घेतात व तीवर चिखलाच्या गिलाव्यानें कमानीची रेषा नुसत्या नजरेनें काढतात. तिचा आकार लोंबती सांखळी उलटी धरल्यासारखा असतो. त्यामुळें विटांवर दाब तेवढा येतो, ताण येत नाहीं. छताच्या विटा सुमारें २५ × १५ × ५ सेंटिमीटर, म्हणजे पातळ असतात. त्यांत भुसा अधिक घालून त्या हलक्या करतात, व ओल्या असतांनाच त्यांवर बोटांनीं दोन चर ओढतात. त्यायोगें वीट चिखलास घट्ट धरते. पहिला थर भिंतीवर रेलतो, दुसरा पहिल्यावर. याप्रमाणें प्रत्येक थरास मागील थर हाच आधार होतो. ढोल्याचें कारणच उरत नाहीं. दोन गवंडी एक खोली सुमारें दीड दिवसांत झांकीत.

(४) विचार : आपल्या शुल्बसूत्रांत अग्निचयनाच्या विटांचीं मापें, आकार व मांडणी सूक्ष्मपणें दिली आहे. तथापि वीट हातांतून केव्हां सोडावी, हें सूत्रानें सांगतां येत नाहीं. तें गुरूच्या हाताकडे पाहूनच कळतें. पोथीची एक प्रत गेली तरी दुसरी सांपडण्याचा संभव असतो. गवंड्याची परंपरा तुटली म्हणजे तिची दुसरी प्रत नसते. ही भीति काल्पनिक नव्हे. आस्वानच्या मोठ्या धरणामुळें मिसरमधील नूबियाचीं गांवें पाण्याखालीं गेलीं, व १९६३–६४ सालीं तेथील रहिवाशांस सरकारी वसाहतींत हलविण्यांत आलें. फत्ही यांनीं तत्पूर्वींच त्या गवंड्यांस १९४६ सालीं सुरू केलेल्या नव्या गुर्ना गांवाच्या कामीं लावलें होतें. तें गांव पुरें झालें नाहीं. परंतु तेथील अनुभव त्यांनीं १९६९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. पुढें २००० सालीं स्थापन झालेल्या एका संस्थेनें ही रीत बुर्किना फासो येथील गवंड्यांस शिकविली, आणि आपल्या देशांत ऑरोव्हिल येथेंही ती शिकविली जाते.

सारांश, रामेसेउमच्या छतांचें मर्म आस्वानच्या गवंड्यांमुळें उलगडलें. आपणही दप्तरें व पोथ्या जमवितांना गांवोगांवच्या वृद्ध गवंड्यांची रीत, तिच्या परिभाषेसह, त्यांच्या हयातींतच लिहून ठेवावी. तें कामही पोथीसंग्रहाइतकेंच निकडीचें आहे, असें आम्हांस वाटतें.